हात स्टेअरिंगवरच बरा



मागच्या महिन्यात दोन दिवस तामलवाडीला आक्काकडे जाऊन आलो. सोलापुराहून तुळजापूरच्या रस्त्याला लागले, की सोलापूर जिल्ह्याची हद्द संपते आणि तुळजापूर तालुक्यातली तामलवाडी येते. पूर्वी हे गाव सांगायचे तर एसटीचा थांबा सांगावा लागे. आता टोलनाका म्हटले की कोणीही ओळखतो. सोलापूर ते येडशी चौपदरी रस्ता झाला, जुन्या २११ नंबरच्या महामार्गाला ५२ नंबर मिळाला आणि गावाच्या अंगावरून रात्रंदिवस गाड्या धावू लागल्या. आक्काच्या अंगणात बाजेवर पडले तरी तो घोंगावणारा आवाज कानात येत राहतो.

त्या दिवशी सकाळी एक मोठी काळी गाडी वस्तीत शिरली आणि आक्काच्या दारात थांबली. आतून उतरला तो माझा भाचा. पुण्यात एका मालकाकडे तो पाच वर्षांपासून ड्रायव्हर आहे. मालकाचे कुटुंब तुळजापुरात मुक्कामी होते. त्याला सोलापुरातून काही सामान आणायला पाठवले होते, तेव्हा परत जाताना मालकाला विचारून तो अर्धा तास घरी आला होता. "जयभीम मामा" म्हणत पाया पडला आणि आईला म्हणाला, "आई, बस की गाडीत. बघ तरी कशी हाय."

आक्का पदर सावरून पुढच्या सीटवर बसली. पोरे काचांना नाक लावून उभी राहिली. भाच्याने गाणे लावले आणि हात कुठेही न लावता, नुसता पंजा हवेत वर नेला. गाण्याचा आवाज वाढला. पंजा खाली आणला, आवाज उतरला. पोरांनी टाळ्या पिटल्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "आरं, ही तर देवऋष्यावानी चाळं करतीया." आक्कानेही हात वर केला. काही झाले नाही. पुन्हा केला, तर एकदम एवढा मोठा आवाज झाला की ती दचकून दाराबाहेर आली.

सगळे हसले. भाचाही हसला, पण त्याचे हसू मला नेहमीचे वाटले नाही. जाताना त्याने मला कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत बरोबर घेतले आणि आईला न सांगण्याच्या अटीवर एक गोष्ट सांगितली. नंतर ती त्यानेच आईला सांगितली, आणि पेपरात लिहायलाही हरकत नाही म्हणाला. म्हणून आज लिहितो. गाडी कोणत्या कंपनीची, मालक कोण, हे लिहीत नाही. त्याची जरूर नाही, कारण हा प्रश्न एका गाडीचा नाही.

गेल्या उसाच्या हंगामातली गोष्ट. संध्याकाळी सात-साडेसातची वेळ. तुळजापूर उरकून मालकाचे कुटुंब सोलापूरकडे निघाले होते. मागे मालक आणि त्यांची आई. भाच्याचा फोन गाडीला जोडलेला होता. तामलवाडी जवळ आली आणि समोरच्या पडद्यावर नाव उमटले, 'आई'. त्याने घेतला नाही. गाडीवर असताना घ्यायचा नाही, एवढे त्याला कळते. तेवढ्यात मागून मालकाच्या आईने विचारले, "तुझं गाव इकडंच ना रे?" साधा प्रश्न. माणूस काय करतो? डावा हात स्टेअरिंगवरून उचलून पंजा पुढे केला आणि म्हणाला, "ते काय आजी, दिवे दिसत्यात ना, ते."

त्या गाडीत पंजा असा पुढे केला की फोन घेतला जातो.

गाडीभर आक्काचा आवाज घुमला, "कुठं पोचलास रं? जेवलास का?" मागे मालक बसलेले. भाचा ओशाळला. फोन तोडण्यासाठी त्याने हात आडवा झटकला. गाडीला तो कळला नाही. त्याने पडद्याकडे पाहिले, पुन्हा झटकला, फोन तुटला. मान वर केली तर समोर उसाची जोड-ट्रॉली, मागे ना दिवा ना लाल रिफ्लेक्टर, ट्रॅक्टर आपला गोगलगायीसारखा चाललेला. त्याने सारा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी ट्रॉलीपासून दोन-तीन हातांवर थांबली. मालकाच्या आईचे कपाळ पुढच्या सीटवर आदळून सुजले. मागे कोणीच पट्टा बांधला नव्हता. (सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी मागे बसलेले गृहस्थ, दोघांनीही पट्टा बांधला नव्हता, दोघेही गेले. तरीही मागच्या सीटला पट्टा असतो तो बहुतेकांना बसताना टोचणारी वस्तूच वाटते.)

मालक काय म्हणाले? "गाडी चालवताना हातवारे कशाला करतोस?" आणि डॉक्टरचा खर्च त्या महिन्याच्या पगारातून कापला.

भाचा मला म्हणाला, "मामा, माझंच चुकलं का वो?"

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. आमच्या पिढीला गाडीची माहिती एसटीच्या तिकिटापुरती. पण घरी येऊन जेवढे वाचता आले, विचारता आले, तेवढे केले. आपल्या समाजातली किती मुले आज दुसऱ्याची गाडी चालवून घर चालवतात! कोणी मालकाची, कोणी टॅक्सीची, कोणी कंपनीच्या बसची. नवी गाडी घेतो मालक, शिकावी लागते यांना, आणि बोट दाखवले जाते तेही यांच्याकडेच. म्हणून हे घरातल्या सर्वांनी समजून घ्यावे असे मला वाटते.

आधी ही जादू काय आहे ते पाहू, म्हणजे शेजारच्या म्हातारीचेही समाधान होईल. या गाड्यांत आरशाजवळ छताला एक छोटा कॅमेरा बसवलेला असतो. तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश खाली सोडतो. हा प्रकाश हातावर आपटून परत येतो, आणि यायला किती वेळ लागला यावरून हात किती अंतरावर आहे ते यंत्र काढते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे तीस सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या पट्टीएवढा जातो. एवढा बारीक वेळ मोजणारे यंत्र त्या छतात बसले आहे. बोट कुठे, पंजा उघडा की मिटलेला, हात कोणत्या दिशेने गेला, हे ते क्षणाक्षणाला मांडते आणि आपल्या आठवणीतल्या ठरावीक खुणांशी ताडून पाहते. खूण जुळली की हुकूम सुटला. काही गाड्यांत कॅमेरा नसतो. पडद्याच्या कडेला साधी अवरक्त यंत्रे असतात, त्यांना हात डावीकडे सरकला की उजवीकडे एवढेच कळते.

जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने २०१५ साली आपल्या '७ सिरीज' या महागड्या गाडीत ही सोय आणली. हवेत बोट गोल फिरवले की आवाज कमी-जास्त. त्या वेळी जगभर तिचा गाजावाजा झाला. पुढे फोक्सवॅगनने 'गोल्फ'सारख्या मध्यम गाडीतही हाताच्या खुणा आणल्या, इतरांनी आणल्या. प्रत्येकाची खुणांची भाषा मात्र वेगळी. एका गाडीत जो हात 'हो' म्हणतो, तो दुसऱ्या गाडीत काहीच म्हणत नाही. आज या मालकाची, उद्या त्या मालकाची गाडी चालवणाऱ्याने किती भाषा पाठ करायच्या?

यामागचा हेतू वाईट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. गाडीतली बटणे जाऊन मोठे पडदे आले. पडद्यावरच्या खुणेवर नेमके बोट ठेवायचे तर तिकडे बघावेच लागते. हवेत हात हलवायला बघावे लागत नाही, डोळे रस्त्यावर राहतील, असा हिशेब होता. काही प्रयोगांत तो खराही ठरला. इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या मंडळींनी तर हवेतल्या हाताच्या तळव्यावर ध्वनिलहरींनी बारीकसा स्पर्श देऊन पाहिला. हुकूम पोचला हे हातालाच कळावे ही त्यामागची कल्पना. पडद्याला बोट लावण्यापेक्षा त्यात डोळे रस्त्यावरून कमी हटले, असे त्यांना बनावट गाडीत बसवून केलेल्या चाचणीत दिसले. पण अशी स्पर्श देणारी सोय भाच्याच्या गाडीत नाही. तिथे हवेत हात हलवला की तो पोचला की नाही हे बघायला पडद्याकडेच मान वळते. तेच त्या संध्याकाळी झाले.

बटणाचे तसे नसते. बटण जागचे हलत नाही. अंधारात चाचपले तरी सापडते, दाबले की 'टक' होऊन बोटाला कळते. घरातल्या दिव्याचे बटण आपण अंधारात शोधतोच की नाही? शिवाय बटणावर हात टेकतो. खड्ड्यातून गाडी गेली तरी टेकलेला हात फार हलत नाही. हवेतल्या हाताला आधार नाही. जर्मनीतल्या गुळगुळीत रस्त्यावर जो हात सरळ जाईल, तो आपल्या गावाकडच्या रस्त्यावर चार ठिकाणी हिंदकळेल.

आणि आपली माणसे तर हातांनी बोलतात. पत्ता सांगताना हात, भांडताना हात, "जाऊ दे" म्हणायला हात. रस्त्याने जाताना पलीकडच्या गाडीतून कोणी जयभीम केला तर आपोआप आपलाही हात वर जातो. यंत्राला यातला कोणता हात आपल्यासाठी आणि कोणता माणसासाठी, हे कसे कळावे? मालकाच्या आईने गाव विचारले आणि भाच्याने हात केला, त्यात चूक कसली? उत्तर माणसाला दिलेले होते, ऐकले यंत्राने.

आता त्या तीन-चार सेकंदांचा हिशेब मांडतो. गाडी ताशी ऐंशी किलोमीटरने जात असेल तर एका सेकंदात ती बावीस मीटर जाते. दोन सेकंद मान खाली गेली तर चव्वेचाळीस मीटर. चार एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होतील एवढे अंतर, तेही आंधळ्याने कापल्यासारखे. ब्रेक दाबल्यावर थांबायला लागते ते अंतर त्यापुढचे.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात शंभर गाड्यांत कॅमेरे बसवून सुमारे वर्षभर ड्रायव्हर काय करतात ते टिपले. २००६ साली त्याचा अहवाल आला. रस्त्यावरून नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटली की अपघाताचा किंवा थोडक्यात वाचण्याचा धोका निदान दुप्पट होतो, असे त्यात निघाले. पुढे २०१३ मध्ये तिथल्या सरकारच्या रस्ता सुरक्षा खात्याने गाडी बनवणाऱ्यांना सांगितले, की कोणत्याही एका कामासाठी ड्रायव्हरची एक नजर दोन सेकंदांच्या आत आणि सगळ्या मिळून नजरा बारा सेकंदांच्या आत राहिल्या पाहिजेत. हा सल्ला आहे, सक्ती नाही.

स्वीडनमधल्या एका मोटारींच्या मासिकाने २०२२ साली सोपी परीक्षा घेतली. धावपट्टीवर ताशी एकशे दहाने गाडी चालवायची आणि चार साधी कामे करायची, म्हणजे हवा गरम करणे, रेडिओ लावणे वगैरे. बटणांची २००५ ची जुनी व्होल्व्हो होती, तिच्यात दहा सेकंद लागले आणि तेवढ्यात गाडी सुमारे तीनशे मीटर गेली. पडद्याच्या नव्या गाड्यांत जी सर्वांत मागे राहिली, तिच्यात पंचेचाळीस सेकंदांच्या आसपास लागले आणि गाडी तेराशे सत्तर मीटर पुढे गेली. सतरा वर्षांनी नवी गाडी, आणि काम चौपटीहून जास्त वेळाचे!

पण डोळे ही अर्धीच गोष्ट आहे. लक्ष तीन ठिकाणांहून उडते: डोळ्यांतून, हातांतून आणि मनातून. हातवाऱ्याच्या गाडीने डोळे वाचवले असे धरले, तरी हात स्टेअरिंगवरून निघतोच, आणि मन तर "आता कोणती खूण होती?" यात अडकते. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये गाडीला बोलून हुकूम देणाऱ्या ड्रायव्हरांची तपासणी केली. त्यात ना हात लागत ना डोळे. तरीही काही गाड्यांत काम संपल्यावर सत्तावीस सेकंदांपर्यंत ड्रायव्हरचे मन रस्त्यावर पुरते परत आलेले नसते, असे त्यांना आढळले. आक्काचा आवाज गाडीत घुमल्यावर भाच्याचे मन कुठे गेले असेल? घरी, आईपाशी, आणि मागे बसलेल्या मालकाच्या चेहऱ्याकडे. डोळे समोर असते तरी ती ट्रॉली त्याला वेळेवर दिसली असती असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

कंपन्यांनाही हे उमजू लागले आहे. बीएमडब्ल्यूने आपल्या काही नव्या मॉडेलांत हातवाऱ्याची सोय दिलेलीच नाही. फोक्सवॅगनच्या रचनाप्रमुखाने २०२५ मध्ये जाहीर केले, की महत्त्वाच्या कामांची खरी बटणे आता पुढच्या गाड्यांत परत येतील. युरोपात नव्या गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी 'युरो एनकॅप' नावाची संस्था आहे. तिने २०२६ पासून नियम कडक केले. दिशा दाखवणारे दिवे, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक, या पाच गोष्टींना हाताने चालणारी खरी कळ नसेल तर पूर्ण गुण मिळणार नाहीत. जी गोष्ट ट्रकच्या क्लीनरनेही सांगितली असती, ती सांगायला एवढी वर्षे लागली.

क्लीनरवरून आठवले. ड्रायव्हरच्या हाताची भाषा आपल्या रस्त्यांना नवी नाही. पूर्वी खिडकीतून उजवा हात बाहेर निघाला की मागच्याला सगळे कळे. हात आडवा सरळ, तळवा पुढे, म्हणजे उजवीकडे वळतो. हात वरखाली, तळवा जमिनीकडे, म्हणजे वेग कमी करतो. कोपरातून हात उभा, म्हणजे थांबतो. हात मागून पुढे झुलवला, म्हणजे जा बाबा पुढे. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत या खुणा लिहिलेल्या होत्या आणि शिकाऊ परवान्याच्या पुस्तकात मुले आजही त्या पाठ करतात. आपल्या एसटीने तर 'हात दाखवा, एसटी थांबवा' अशी योजनाच केली. किती आयाबाया त्या एका हातावर माहेरी पोचल्या!

तो हात आणि हा हात यांत फरक आहे. तो हात माणसाने माणसासाठी काढलेला असे. साऱ्या मुलखात त्याचा अर्थ एकच. समोरचा चुकला तर तो थांबे, बघे, शिवी देई, पण समजून घेई. तामलवाडीच्या नाक्यावर पूर्वी ड्रायव्हर हात बाहेर काढून पैसे देत, दोन शब्द बोलत. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि दांडी आपोआप वर जाऊ लागली. रांग लवकर सरते, हे चांगलेच आहे. यंत्राला विरोध करणाऱ्यांतले आपण नाही. आपल्या बापजाद्यांच्या डोक्यावरचे ओझे यंत्रानेच उतरवले. पण यंत्र ज्याच्या हातात द्यायचे त्याला ते शिकवायला नको का?

भाच्याला मी विचारले, "गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्याने सगळे समजावून सांगितले असेल ना?" तो म्हणाला, "सांगितलं की. मालकाला आन् त्यांच्या पोराला. मी भाईर हुतो, जुनी गाडी धरून." चालवणार हा, आणि शिकवणी त्यांना. याने हातवारे शिकले ते मालकाच्या कॉलेजातल्या मुलाकडून, चालत्या गाडीत.

वाचकांना चाळीसगावची हकीकत ठाऊक आहे. १९२९ साली बाबासाहेब तिथे उतरले, तेव्हा एकही टांगेवाला त्यांना टांग्यातून न्यायला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, टांगेवाला नाही. आपल्याच माणसांपैकी एकाने, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता, लगाम हातात घेतला. पुलावर घोडा उधळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. पाहुण्याचा मान राखायच्या नादात त्याच्या जिवाची काळजी मागे पडली, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तिथे दोष जातीचा होता, त्या भोळ्या माणसाचा नव्हता. आजच्या मालकांची गोष्ट निराळी. पण न शिकवता लगाम हातात देणे तेच, आणि पडल्यावर हाकणाऱ्याला धरणेही तेच.

कायद्याचेही समजून ठेवा. २०१९ साली मोटार वाहन कायदा सुधारला. गाडी चालवताना हातात धरायच्या फोनसारख्या साधनाचा वापर कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवणे म्हणून स्पष्ट घातला गेला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हवेतल्या हाताचा फोन 'हातात धरलेला' नाही, म्हणून त्यात तो येत नाही असे कोणी सांगेल. पण ट्रॉलीला गाडी लागली असती आणि कोणी दगावले असते, तर निष्काळजीपणाने मृत्यू हे कलम कोणावर लागले असते? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कोर्टाच्या पिंजऱ्यात गाडीच्या छतातला कॅमेरा उभा राहत नाही. ड्रायव्हर उभा राहतो, आणि बाहेर बाकावर त्याची बायको पोराला घेऊन बसते.

भाच्याला मी जे सांगितले ते असे. गाडी उभी असताना, इंजिन बंद करून, एक तास मालकाकडून मागून घे. प्रत्येक कळ, प्रत्येक खूण बघून घे. मालकाला सरळ सांग, "साहेब, तुमच्याच घरच्यांच्या जिवासाठी मागतोय." कोणताही शहाणा मालक याला नाही म्हणणार नाही, आणि म्हणालाच तर त्याची नोकरी किती दिवस करायची याचा विचार आपणही करावा. बहुतेक गाड्यांत ही हातवाऱ्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. मालकाला विचारून ती बंद कर. आवाजाची आणि फोनची बटणे स्टेअरिंगवरच अंगठ्याखाली असतात, ती वापर. मागून कोणी "आवाज वाढव", "हवा कमी कर" म्हणाले तर शेजारी बसलेल्याने करावे. शेजारी कोणी नसेल तर पुढच्या थांब्यापर्यंत धीर धरावा. आणि तुझा स्वतःचा फोन गाडीला जोडूच नकोस.

या शेवटच्या गोष्टीवर तो गप्प झाला. म्हणाला, "आईचा फोन घेतला न्हाई तर ती घाबरती, मामा. परत परत लावती."

ही गोष्ट आपल्या प्रत्येक घरातली आहे, म्हणून मी तिच्यावर थांबतो. ड्रायव्हरला गाडीवर असताना फोन कोण करते? मालक करतो, ते खरे. पण त्याहून जास्त करतो आपण. आई करते, बायको करते, लेक "पप्पा कधी येणार" म्हणून करते. फोन उचलला नाही की मनात नको नको ते येते, मग आणखी चार वेळा लावतो. तिकडे त्याच्या पडद्यावर आपले नाव चमकत राहते. माया असते म्हणूनच तो हात पुढे जातो. मायेचा फोन आणि साहेबाचा फोन, रस्त्यावर दोन्ही सारखेच.

त्याच रात्री तुळजापुरातून भाच्याने आक्काला फोन केला, गाडी उभी करून. जानेवारीतली ती गोष्ट त्याने स्वतःच सांगितली. मी बाजूलाच होतो. आक्का ऐकत होती, तोंडातून शब्द नाही. फोन ठेवल्यावर ती चुलीपाशी बसून राहिली. "म्या 'जेवलास का' एवढंच इचारलं हुतं," एवढेच एकदा म्हणाली.

सकाळी उठल्यावर तिने भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढले आणि नातीला पेन आणायला लावले. पोराला फोन करून विचारले, तुझ्या गाड्या कुठे कुठे थांबतात, किती वाजता थांबतात. त्याने सांगितलेले नातीने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिले. पुण्याहून निघाल्यावर चहा कुठे, जेवण कुठे, मुक्काम कुठे. आक्काने एवढीच अट घातली, की थांबल्यावर तू करायचा, मी करणार नाही. दोन तास उशीर झाला तरी करणार नाही.

परवा मी तिच्याशी बोललो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. आवाजावरून ती जागीच असावी असे वाटले. म्हणाली, "आत्ताच आला त्याचा. टेंभुर्णीच्या ढाब्यावर हाय. पिठलं-भाकरी खाल्ली म्हनं."